माझी लेक मोजते ते ध्रुवीकरण

चुकांची माफी आधीच मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर चौथीत गुरुजी म्हणायचे तसंच राहिलं, ओल्या मातीतून कोंबडी चालत गेल्यासारखं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वहीसुद्धा माझी नाही. लेकीची आहे, कॉलेजातली, मागची पानं कोरी राहिलेली. वही मी कुणाला दाखवणार नाही, मग माफी कुणाची मागते ते मलाही सांगता येत नाही. सासरी ती सवय लागली. लिहिते ते एवढ्यासाठी की कोण काय बोललं ते मला विसरायचं नाही.

माझ्या थोरल्या दिरांचं, त्यांना मी भाऊजी म्हणते, बोरीत खताचं दुकान आहे. माझा नवरा वारला तेव्हापासून आमच्या वाटणीचं शेतही तेच करतात. वर्षाला ज्वारीची आणि तुरीची पोती आमच्या दारात टाकायचे, ती टाकताना चार माणसांना ऐकू जाईल असं बोलायचे. आमच्या घरात थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नाही. मी समोर उभी असले तरी ते जाऊबाईंकडे बघून म्हणणार, "सांग तिला." मीही जाऊबाईंकडे बघून उत्तर द्यायचं. जाऊबाई घरात नसल्या तर ते भिंतीकडे बघून बोलायचे, एकदा तर म्हशीकडे बघून बोलले. मला त्यात वावगं वाटत नव्हतं. मी माणसांत बोलणारी नाहीच. दुकानात काही मागितलं तर दुसऱ्यांदा मागितल्याशिवाय दुकानदाराला ऐकू जात नाही.

मी वाती वळायची. कापूस निवडून, पिंजून, मांडीवर हातानं वळून पुडे बांधायचे आणि परभणीच्या पूजेच्या सामानाच्या दुकानात नेऊन द्यायचे. लेक लहानपणापासून हाताशी बसायची. ती डावरी. तिच्या वातीचा पीळ उलटा बसायचा. जाऊबाईंनी तो एकदा पाहिला आणि म्हणाल्या, "डाव्या पिळाची वात देवाला चालत न्हाई. येगळी काढ ती." दोन वाती शेजारी ठेवल्या तर माझ्या अधू डोळ्यांना सारख्याच. पण बोटांत धरून आपल्या बाजूनं पीळ दिला की आपली वात आवळते आणि तिची सुटते. तशा चाचपून चाचपून मी माझ्याच लेकीच्या वाती वेगळ्या काढत बसायची. तेव्हा मला राग आला नाही. आता येतो.

लेक परभणीला राहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली. मग कुठलीशी परीक्षा, कुठलीशी मुलाखत, आणि एक दिवस म्हणाली, जर्मनीत संशोधनाला जागा मिळाली. तिथं राहण्याखाण्यापुरता पगार मिळणार होता, पण तिथं पोचेपर्यंतचा खर्च आपला. व्हिसा, विमान, खोलीची अनामत, पहिल्या दोन महिन्यांचं खाणंपिणं. भाऊजींनी दोन लाख दिले. दिले म्हणजे कसे, तर गावातली माणसं बोलावून, हार घालून, फ्लेक्स लावून. फ्लेक्सवर त्यांचा फोटो पुरुषभर उंच आणि लेकीचा खाली कोपऱ्यात, पासपोर्टावर लावतात तेवढा. त्यांना जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी गुपचूप स्टॅम्पपेपर आला. मागतील तेव्हा पैसे परत करू, असं त्यावर लिहिलेलं. खाली लेकीची सही आणि माझी. मी सही करताना जाऊबाई म्हणाल्या, "हळू हळू. कागद पळून चालला न्हाई."

लेक गेली. सहा-सात महिने बरे गेले. मग निवडणूक जवळ आली आणि भाऊजींनी एका पेपरवाल्याला दुकानात बोलावलं. पुतणी जर्मनीत शास्त्रज्ञ झाली, अशी बातमी यावी आणि बातमीत काकांचं नाव यावं, हा हिशेब. पेपरवाल्यानं विचारलं, संशोधन कशावर आहे? भाऊजींनी लेकीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी दाराआड होते, मला ऐकू आलं. ती इंग्रजीत काही बोलली. पेपरवाला म्हणाला, मराठीत सांगा मॅडम. ती म्हणाली, "एक्स-रे किरणांचं ध्रुवीकरण. ते हवं तसं वळवायचं, आणि किती झालं ते मोजायचं."

दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरांत छापून आलं, की बोरीची कन्या जर्मनीत बसून ध्रुवीकरणाचे नियंत्रण व मोजमाप करणार. एक्स-रे हा शब्द खाली बारीक अक्षरांत कुठंतरी होता. भाऊजींनी पेढे वाटले. कात्रणाचा फोटो काढून मोबाइलवरच्या सगळ्या गटांत टाकला.

मला तो शब्द ठाऊक नव्हता. पण बाकी सगळ्यांना ठाऊक होता. निवडणुकीत टीव्हीवर रोज तोच, मतांचं ध्रुवीकरण. म्हणजे या वस्तीची मतं इकडं आणि त्या वस्तीची तिकडं, माणसामाणसांत फूट. भाऊजी सगळ्या वस्त्यांतून मतं मागत फिरत होते. समोरच्या पार्टीनं तेच कात्रण उचललं आणि वस्तीवस्तीतून सांगत सुटले, "ह्याची पुतणी परदेशी पैशावर बसून ध्रुवीकरण करायलीय, अन् हे इथं हात जोडायलेत." जे त्यांना मत देणार होते ते तोंडावर विचारायला लागले. भाऊजी आधी हसले. मग समजावू लागले, पण समजावणार काय, त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? मग शिव्या देऊ लागले. थोड्या मतांनी पडले.

ते कशानं पडले ते गावाला माहीत आहे. युरियाचं एक पोतं मागितलं की दोन नको असलेल्या औषधाच्या बाटल्या गळ्यात मारायचे, लोक त्याला चिडलेले होते. पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांना आम्ही सापडलो.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या नातवाचं जावळ होतं. नवस पोखर्णीच्या नृसिंहाचा, म्हणून सगळी भावकी तिथं गेली. दर्शन झालं, जावळ झालं, पत्रावळ्या मांडल्या. पंगत बसणार एवढ्यात भाऊजी उठून उभे राहिले आणि माझ्याकडे बघून बोलले. सरळ माझ्याकडे बघून.

"पोरीची आई, इकडं ये. देवासमोर उभी ऱ्हा."

मी पुढं होऊन उभी राहिले. जाऊबाई म्हणाल्या, "आवो, जेवणं तर होऊ द्या."

"तू गप बस. आज मी तिलाच इचारणार हाय. तुझी पोरगी तिथं मतांचं काई करायलीय का?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मान हलवू नको. तुळस उचल अन् तोंडानं सांग."

आमच्याकडे कुणावर आळ आला की त्यानं देवासमोर तुळशीचं पान हातात धरून खरं काय ते सांगायचं. सांगितलं की विषय मिटला, पुन्हा कुणी काढायचा नाही. भाऊजींचे म्हातारे मामा पत्रावळीवरूनच म्हणाले, "उचल की बाई. एका पानाचं काम. वरण गार व्हायलंय."

मी पान उचललं. मी म्हणाले, "ती मतांचं काही करत न्हाई."

"मग काय करायलीय? तेच सांग. काय मोजायलीय ती?"

हातात तुळस होती. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं मला ठाऊक नव्हतं. लेकीनं फोनवर एकदा उजेड असा शब्द काढला होता, तेवढाच आठवला.

"उजेड," मी म्हणाले.

"काय?"

"उजेड मोजायलीय."

आधी कुणाला कळलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "कशानं मोजायलीय? लिटरनं का किलोनं?" दुसरा म्हणाला, "मला दोन लिटर द्या हो, घरी लाइट न्हाई." सगळी पंगत हसली. लेकरंसुद्धा हसली. भाऊजी हसले नाहीत. "तुळस हातात हाय. देवासमोर सांग, उजेड म्हंजे काय? ध्रुवीकरण म्हंजे काय?"

मी पान परत तबकात ठेवलं.

"बघितलं का सगळ्यांनी? आईची सुदिक छाती झाली न्हाई शपथ घ्यायची." मग मला म्हणाले, "दिवाळीपतूर माझे पैसे वापस पायजेत. सगळे. न्हाईतर पोरीला वापस बोलव, इथं काम करून फेडू दे. ते ध्रुवीकरण बंद म्हंजे बंद."

मी पंगतीत बसले, कारण उठून जायचं धाडस नव्हतं. वाढणारा भावकीतलाच. माझ्यापुढं आला आणि म्हणाला, "वहिनी, उजेड वाढू का थोडा?" त्याचं तोंड मी विसरणार नाही.

रविवारी लेकीचा फोन आला. मी ते सगळं सांगितलं. ती रडली नाही. मग म्हणाली, "आई, मी येते. परभणीत एखाद्या क्लासमध्ये शिकवीन, फिटतील पैसे."

"अन् तुझं काम?"

"माझी पाळी दिवाळीनंतर आहे, थंडीत. त्याआधी आले तर काम अर्धवट राहील. पदवी मिळणार न्हाई."

मी घाबरले. म्हणाले, "दिवाळीनंतर? तवापतूर येतच न्हाई का? डॉक्टरला दाखीव की बाई!"

ती हसायला लागली. मोजक्या लोकांना ते यंत्र वापरायला मिळतं, प्रत्येकाला वर्षातून चारपाच दिवस, जशी कॅनॉलच्या पाण्याची पाळी लागते तशी. ती पाळी. ती हसत होती आणि मला तिचा भयंकर राग आला. इथं माझ्या ताटात उजेड वाढतात आणि ही तिकडं हसते.

"हसू नको," मी म्हणाले. "तू तिथं काय करतीस ते मला सांग. मला कळल असं सांग. मला कळलं अन् पटलं तर मी इथलं बघीन. न्हाई पटलं तर ये वापस, मी आडवणार न्हाई."

चार रविवार ती सांगत होती. मी वाती वळत ऐकायची.

पहिल्या रविवारी दोरी सांगितली. बाजेची दोरी खुंटीला बांधून दुसरं टोक हातानं झटकलं की दोरीतून लाट पळते. हात वरखाली हलवला तर लाट उभी हलते, आडवा हलवला तर आडवी, गोल फिरवला तर लाट पिळासारखी फिरत जाते. उजेड तसाच लाटेनं येतो. साध्या दिव्याच्या उजेडात सगळ्या लाटांची सरमिसळ, कुठली कशी हलते त्याला धरबंध नाही. सगळ्या एकाच तऱ्हेनं हलायला लागल्या की त्याला म्हणायचं ध्रुवीकरण.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग एवढं वाईट नाव कुणी ठेवलं?"

"मी न्हाई ठेवलं, आई."

"तू न्हाई ठेवलं, पण त्याच्यापायी बोलणी मी खायलेय."

दुसऱ्या रविवारी यंत्र. जमिनीखाली लांबच लांब बोगदा, बोरीच्या बसस्टँडवरून निघालं तर दुसऱ्या गावच्या शिवेत जाईल एवढा. त्यातून विजेचे कण पळवतात. पुढं त्यांच्या वाटेला वरखाली लोहचुंबकं मांडलेली, एकाचं तोंड असं तर पुढच्याचं उलट. कण त्यांच्यामधून नागमोडी पळतात आणि पळता पळता एक्स-रे सांडतात. एक्स-रे मला माहीत होता. माझं मनगट मोडलं होतं तेव्हा परभणीला फोटो काढला होता. ती म्हणाली, तोच, पण त्याहून फार जोरकस, आणि सलग नाही, ठोक्याठोक्यानं. एक ठोका इतका लहान की पापणी लवायला लागतो तो वेळ त्याच्यापुढं जन्मासारखा. वाटेच्या शेवटी चुंबकांच्या चार रांगा असतात. त्या केसभर मागंपुढं सरकवल्या की ठोका आडवा होतो, उभा होतो, उजव्या पिळाचा होतो नाहीतर डाव्या पिळाचा. ते सरकवायचं आणि ठोका खरंच तसा झाला का ते बघायचं, हे तिचं काम.

"कशासाठी पण? कुणाच्या पोटात भाकर पडती त्यानं?"

तिसरा रविवार त्यावर गेला. औषधांचे कणसुद्धा डावे-उजवे असतात म्हणे, चपलेसारखे. दिसायला जोड सारखी, पण डावी उजव्या पायात जात नाही. एक कण गुण देतो, त्याचाच जोडीदार अपाय करतो. उजव्या पिळाचा उजेड टाकला तर एक जण तो जास्त पितो, डाव्या पिळाचा टाकला तर दुसरा. तसे ते ओळखता येतात. पण टाकलेला उजेड नक्की कोणत्या पिळाचा होता हेच माहीत नसेल तर पुढचं सगळं वाया. ते मला पटलं. वजनाचं मापच खोटं असलं तर माल कसला मोजणार?

चौथ्या रविवारी मी विचारलं, ठोका येऊन गेला सुद्धा, मग तो मोजायचा कसा? ती म्हणाली, त्याच्या वाटेत थोडा वायू सोडतात. ठोका त्यावर बसतो आणि त्यातून बारीक कण उडतात. भोवतीनं कड्यासारखी मोजणारी यंत्रं लावलेली असतात, कुठल्या बाजूला किती उडाले ते सांगणारी. आडवा ठोका असला तर डाव्या-उजव्या अंगाला जास्त, उभा असला तर वर आणि खाली.

"तूर बडवल्यावानी," मी म्हणाले. "दाणे कुणीकडं उडाले त्यावरून काठी कशी बसली ते कळतंय."

"हां, तसंच."

"अन् पिळाचा असला तर?"

"तर सगळ्या बाजूला सारखेच."

"अन् सरमिसळ असला तर? धरबंध नसलेला?"

ती म्हणाली, "तेव्हापण सारखेच."

"मग तुला कसं कळणार पीळ हाय का न्हाई? अन् हाय तर उजवा का डावा?"

  ती म्हणाली, "तेच तर अवघड आहे, आई."

मला पुन्हा राग आला. मी भर पंगतीत तोंडाला काळं फासून घेतलं आणि हिलाच माहीत नाही. पण हात वातीवर होता आणि हाताला माहीत होतं. मी म्हणाले, "डोळ्याला दिसत न्हाई तर पीळ देऊन बघायचा. ज्याचा पीळ तुला पक्का ठाऊक हाय असा दुसरा उजेड त्याला लाव. एका पिळाला आवळल, दुसऱ्याला सुटल."

ती जोरात हसली. मग गंभीर झाली. "आई, तसंच करतात. दुसरा लेसर असतो, त्याचा पीळ आधीच ठाऊक असतो. दोन्ही एकदम टाकतात, आणि फरक किती पडतो ते बघतात. तुला हे कुणी सांगितलं?"

"तुझ्या काकूनं. डाव्या पिळाची वात देवाला चालत न्हाई म्हणाली, तवापासून चाचपायलेय."

 मी म्हणाले, "येऊ नको. तुझी पाळी होऊ दे."

सोमवारी मी दुकानात गेले. माणसं होती, पेरणीचे दिवस. मी पदर सारखा केला आणि भाऊजींकडे बघून म्हणाले, "भाऊजी."

त्यांनी आधी इकडंतिकडं जाऊबाईंना शोधलं. त्या नव्हत्या. मग पोत्यापाशी उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकालाच म्हणाले, "सांग तिला, दुकानात कामून आली." गिऱ्हाईक बिचारं माझ्याकडं बघायला लागलं.

"मला ऐकू येतंय," मी म्हणाले. माझा आवाज चिरकत होता. "दिवाळीपतूर सगळे पैसे व्हायचे न्हाईत. दर महिन्याला आणून देईन. पोरगी येणार न्हाई."

"देवासमोर तोंड शिवलं व्हतं अन् हितं वाचा फुटली का?"

"तवा मला ठाऊक न्हवतं. आता ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

मी दोरीपासून सुरुवात केली. बाज, खुंटी, लाट. दोन वाक्यं झाली असतील.

"बस बस. सातबाऱ्यावर चढवू का तुझा उजेड?" ते म्हणाले, आणि माणसं हसली.

तेव्हा मला कळलं की त्यांना काही समजून घ्यायचंच नव्हतं. निवडणुकीआधीही नाही, पोखर्णीतही नाही. मी म्हणाले, "तुमी पैसे मागितले, पैसे घ्या. उजेड मी तुमाला देणं लागत न्हाई."

या वेळी कुणी हसलं नाही. एक म्हातारं गिऱ्हाईक म्हणालं, "घ्या की शेठ, येतात तर येऊ द्या." भाऊजी लाल झाले होते. म्हणाले, "बाजाराच्या दिवशी आणायचे. दुकानात. चारचौघांत. अन् यंदापासून ज्वारीचं पोतं मिळणार न्हाई, तूर बी न्हाई."

मी बोरी सोडली. परभणीत मुलींच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले, तिथंच मागं खोली. वातींना वेळ उरला नाही. लेक तिकडून पैसे पाठवायची. मी म्हटलं, कागदावर सही दोघींची आहे, अर्धे माझे. ती भांडली, मी ऐकलं नाही. दर महिन्याला एकदा बाजाराच्या दिवशी बसनं बोरीला जायचं, दुकानात उभं राहायचं, नोटा काउंटरवर ठेवायच्या. भाऊजी हाक मारून सांगायचे, "आला बघा उजेडाचा हप्ता." गावात माझं नाव उजेडवाली पडलं. बसमधून उतरलं की पानटपरीवरून आवाज यायचा, "उजेडवाली आली, चष्मे लावा." एकदा जाऊबाई दुकानात होत्या. म्हणाल्या, "कशाला जीव काढतीस? पोरीला आण, लगीन लाव, मी बोलते ह्यांच्याशी." मायेनं बोलल्या असतील. मला ते टोमण्याहून वाईट लागलं. मी काही न बोलता निघाले. पुढं कितीतरी दिवस पोळी लाटताना मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते, एकाहून एक कडू. मी अशी नव्हते.

दिवाळीला भाऊजींनी मेसवर निरोप पाठवला, मुदत संपली म्हणून. मी उलट निरोप पाठवला, महिन्याचे पैसे महिन्याला येतील, कोर्टात जायचं तर जा. ते गेले नाहीत. स्टॅम्पपेपर कोर्टात नेला असता तर नात्यातल्या बाईवर केस केली असं गावभर झालं असतं, आणि पुढं पुन्हा निवडणूक होतीच.

थंडीत लेकीची पाळी लागली. पाच दिवस. पहिले दोन दिवस यंत्रच नीट चालेना. तिचा फोन यायचा, आवाज बसलेला. मी पोळ्या करपवल्या, मेसवाली बाई ओरडली. तिसऱ्या दिवशी फोन नाही. चौथ्या दिवशी सकाळी आला. म्हणाली, "उजवा पीळ टाकला तर कण जास्त, डावा टाकला तर कमी. लख्ख फरक पडला. चुंबकं सरकवली की ठोका आम्ही म्हणू तसा वळतो, आणि वळला ते मोजताही येतं." मी विचारलं, "पक्कं ना? पुन्हा बघितलं का?" म्हणाली, "रात्रभर तेच बघितलं." मी बरं म्हणाले. आनंद झाला, पण तो सांगायला कुणी नव्हतं. मेसमधल्या एका पोरीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, ध्रुवीकरण म्हणजे ते निवडणुकीतलं ना?" मी परातीत पाणी घातलं आणि दुसरी कणीक मळायला घेतली.

त्यानंतरही वर्षभर मी बोरीला जात राहिले. बोलणारे हळूहळू कंटाळले, भाऊजी कंटाळले नाहीत. शेवटचे बावीस हजार लेकीनं आणि मी मिळून एकदमच भरले, कारण मला त्या काउंटरपुढं पुन्हा उभं राहायचं नव्हतं. भाऊजींनी नोटा दोनदा मोजल्या, एक फाटकी म्हणून परत केली, मी दुसरी दिली. त्यांनी नोटा गल्ल्यात टाकल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

"कागद," मी म्हणाले.

"घरी हाय. नंतर देतो."

मी खताच्या पोत्यावर बसले. गिऱ्हाइकं आली, गेली. दुपारी त्यांनी घरून कागद मागवला. त्यावर 'पैसे मिळाले' असं लिहून सही ठोकली आणि माझ्याकडे सरकवला. मी वाचला. सगळ्यांसमोर, एकेक अक्षर लावत, जेवढा वेळ लागला तेवढा घेऊन.

"किती मिळाले ते न्हाई लिहिलं," मी म्हणाले. "दोन लाख, पूर्ण मिळाले, असं लिवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कागद ओढून घेतला आणि लिहिलं.